नव्या गिटारीवरची रेघ

कुंभाराच्या दुकानापुढे उभी राहिलेली बाई केवळ रंग पाहून मडके घेत नाही. डाव्या हातावर ते तोलून धरून ती बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला, तर भट्टीत लागलेल्या काळ्या डागाची ती पर्वा करीत नाही. बद्द आला, तर मडके कितीही देखणे असो, ते जागच्या जागी ठेवून देते. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी हे दृश्य पाहिले असेल. वाद्याच्या पारखीचे अर्धे शास्त्र त्या टिचकीत सामावलेले आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका, गोवा आणि बेळगाव यांच्या मध्ये वसलेला आहे. काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव पोटात घेतले. भोवतालचे अरण्य मात्र अजून दाट आहे. या अरण्यातल्या सागाच्या आणि ऐनाच्या सोबतीने वाढणारा शिसव गिटारीच्या पाठीसाठी आणि बाजूंसाठी जगभर नावाजलेला आहे. ब्राझीलचा शिसव दुर्मिळ झाल्यावर, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतील मार्टिन या नामवंत कारखान्यानेही भारतीय शिसवाचा आश्रय केला. तेव्हा या भागातल्या एखाद्या घरात नवी गिटार येते, तेव्हा कोणी सांगावे, शिसवाचे झाड एका अर्थाने माहेरीही येत असेल!

अशा घरातला एखादा तरुण वर्षभर पैसे साठवून गिटार मागवतो. खोके उघडतो, आणि पुढच्या फळीवर त्याला केसासारखी एक बारीक रेघ दिसते. आनंदावर विरजण पडते. ती परत करावी, तर पुन्हा वाट पाहणे आले. ठेवून घ्यावी, तर पुढे ती रेघ वाढून वाद्य निकामी होण्याचे भय. परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची. निर्णय त्या अवधीत व्हावयास हवा, आणि तो भयाने किंवा मोहाने न होता परीक्षेने व्हावयास हवा.

पहिला प्रश्न असा, की रेघ रोगणात आहे की लाकडात? रोगणाची भेग बहुधा लाकडाच्या रेषांची तमा बाळगत नाही. ती आडवी किंवा वेडीवाकडी जाते. लाकडाची चीर सामान्यतः रेषांच्या दिशेने धावते. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी हळूच दाबून पाहावे. एक कड दुसरीच्या खाली-वर झाली, तर चीर लाकडात आहे. पोकळीच्या तोंडातून लहान आरसा आत धरून विजेरीचा प्रकाश टाकावा. तीच रेघ आतूनही दिसली, तर संशय उरत नाही. शिसवातील काळसर पट्टे, उघडी रंध्रे, पुढच्या फळीतील रेशमी चमक हे मात्र दोष नव्हेत. ती लाकडाची जात आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण असतो. एक धडधाकट माणूस अहोरात्र ओढीत बसावा, तसा हा प्रकार. आणि तो ताण सोसणारी पुढची फळी, सतारीच्या भाषेत तबली, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. म्हणून ज्या जागी ओढ आहे, तेथला दोष गंभीर समजावा. मान जेथे धडाला जुळते तो सांधा, खुंट्यांच्या शेंड्याची मागची बाजू आणि तारा ज्या घोडीला बांधलेल्या असतात ती घोडी, या तीन जागा आधी पाहाव्यात. घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकला, तर सरस सुटू लागला आहे असे समजावे. मानेच्या सांध्यातील चीर नव्या वाद्यात मुळीच पत्करू नये. काठावरचा टवका किंवा पाठीवरचा ओरखडा डोळ्याला खुपतो, पण सुराला खुपत नाही.

तिसरी परीक्षा कानाची. फळीवर ठिकठिकाणी बोटाने हलकेच वाजवावे. आत कोठे खुळखुळ किंवा फरफर ऐकू आली, तर फळीला आतून आधार देणारी एखादी पट्टी सुटली असण्याचा संभव आहे. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर छेडावी. क्वचित पडद्यावर तार घरघरते. तो दोष बहुधा जुळणीचा असतो आणि कारागिराच्या हाती अल्पावधीत सुटतो.

हवेची गोष्ट विसरून चालणार नाही. आषाढात अडणारे दार माघात मोकळे होते, हे सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. लाकूड ओलाव्याने फुगते, कोरडेपणाने आकसते. पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच होतात. उन्हाळ्यात पट्टी आकसून पडद्यांची टोके बोटांना बोचतात. हा ऋतूचा परिणाम आहे, कारखान्यातला घाव नव्हे. मात्र आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील अशी काळजी घेतली नाही, तर निर्दोष फळीलाही चीर पडते. गिटार पेटीतच ठेवावी. भिंतीला, चुलीजवळ किंवा खिडकीत टांगू नये.

दोषाच्या जागेचे महत्त्व पटावे, म्हणून दोन उदाहरणे. स्पेनचे थोर कारागीर अँतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. नादाचा मुख्य भार पुढच्या फळीवर असतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ या गिटारीच्या पुढच्या फळीला वाजवून वाजवून भोक पडले. तरीही वेळोवेळी डागडुजी करून ती त्यांनी दशकानुदशके वाजवली. परंतु ते वापराने पडलेले भोक आहे. नव्या वस्तूचा न्याय निराळा. दोष क्षुल्लक असला, तरी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला किंमत कमी करून मागण्याचा किंवा बदली मागण्याचा अधिकार आहे. तो बजावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, खोके जपून ठेवावे आणि सरस किंवा तेल लावून घरगुती उपाय करू नये. त्याने तक्रारीचा आधारच नाहीसा होतो.

सारांश, रेघ किती ठळक दिसते याला महत्त्व नाही. ती हलते का, ताणाच्या वाटेवर आहे का आणि आवाज बिघडवते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तर गिटार खुशाल मांडीवर घ्यावी. एकाचेही ‘होय’ आले, तर मुदत संपण्यापूर्वी खोके बंद करावे. बाजारातली ती बाईही बद्द वाजलेले मडके, कितीही आवडलेले असले तरी, डोक्यावर घेऊन घरी जात नाही.