गोळी कोणाची आणि गुन्हा कोणाचा?

(बुद्धविहारात भरलेल्या पालकसभेपुढे एका वकिलांनी केलेले भाषण)



आज मी कायद्याविषयी बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. परंतु कायद्यापूर्वी मला माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ रात्री माझ्या घरी आले. आपला चौदा वर्षांचा मुलगा झोपेच्या गोळ्या खातो, हे त्यांना त्याच दिवशी कळले होते. “वकीलसाहेब, पोरावर खटला होईल काय?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी सांगितले, “बभ्रा करू नका. त्याला काही दिवस घराबाहेर सोडू नका, म्हणजे सवय मोडेल.” त्या भल्या माणसाने माझा शब्द प्रमाण मानला. तिसऱ्या दिवशी मुलाला आकडी आली व त्याला इस्पितळात हलवावे लागले. मुलगा वाचला. परंतु डॉक्टरांनी मला जे सुनावले ते मी विसरलेलो नाही. या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय जडली की त्या एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात. मी कायदा जाणत होतो, पण रोग जाणत नव्हतो.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडले आहे. मुलांच्या व्यसनाधीनतेची देशव्यापी पाहणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 रोजी दिला. 2019 साली केंद्र सरकारने जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात वैद्यकीय कारणाशिवाय गुंगीची औषधे घेणारांची संख्या सुमारे 1.18 कोटी सांगितली आहे.

मुले या वाटेला का लागतात? पहिले कारण आपला भ्रम. दारूची बाटली घरात दिसली तर आपण घर डोक्यावर घेतो. पण औषधाची पट्टी दुकानातून येते, तिच्यावर कारखान्याचा शिक्का असतो, म्हणून ती निर्धोक असे आपण समजतो. तिला वास येत नाही. मुलगा झोपाळू झाला तर अभ्यासाने थकला असे आपण म्हणतो. पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलाने आपण दारू सोडली. पण त्या शीलाचा रोख बाटलीवर नसून बेसावधपणावर आहे, हे आपण ध्यानी घेतले नाही. दुसरे कारण औषधाची सुलभता. आजीच्या उरलेल्या गोळ्या फळीवर पडून असतात, आणि काही दुकानदार चिठ्ठी न पाहताच माल देतात. तिसरे कारण मुलाच्या मनात असते. परीक्षेची धास्ती, घरातील भांडण, सोबत्यांचा आग्रह, न येणारी झोप. बारा-चौदा वर्षांच्या वयात परिणामांचा विचार करणारी बुद्धी पक्व झालेली नसते. त्या वयात मुलाला आपले दुःख सांगण्यास माणूस मिळाला नाही, तर तो गोळीला सांगतो.

परिणाम काय होतात? स्मरणशक्ती ढळते, शाळा सुटते, मात्रा वाढत जाते आणि पैशासाठी चोरी सुरू होते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध निरुपद्रवी भासते. परंतु कोडीनचा काही अंश शरीरात मॉर्फिन बनतो. कोडीन, झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली की श्वास मंदावून मृत्यूही येऊ शकतो.

आता कायदा. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडोल ही औषधे 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ या परिशिष्टात आहेत. वेष्टनावर लाल अक्षरांतील खूण व लाल चौकटीत इशारा असतो. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. डॉक्टर, रोगी, औषध व परिमाण यांची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपली पाहिजे. ती वही तपासण्याचा अधिकार औषध निरीक्षकास आहे, आणि निरीक्षकाकडे लेखी तक्रार करण्याचा अधिकार तुम्हांस आहे.

याहून महत्त्वाची तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमात आहे. डॉक्टरांच्या आदेशावाचून मुलास गुंगीचा पदार्थ देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून असा माल विकविणारास वा वाहविणारास 78 व्या कलमान्वये तेवढीच शिक्षा आहे. आणि मुलाचे काय? अठरा वर्षांखालील मुलास कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. व्यसनात ओढला जाण्याचा धोका असलेले मूल हा कायदा काळजी व संरक्षणास पात्र मानतो. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचे 64-अ कलमही, केवळ सेवनाचा वा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्यास खटल्यापासून अभय देते.

त्या रात्री त्या गृहस्थांना मी हेच सांगावयास हवे होते. गुन्हा विकणाराचा आहे. तुमचे पोर रोगी आहे. त्याला मारू नका, कोंडू नका, एकाएकी गोळी तोडू नका. सरकारी इस्पितळातील मानसोपचार विभागात त्याच्याबरोबर जा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक विनामूल्य आहेत. उरलेली औषधे कुलुपात ठेवा. आणि आज रात्री जेवताना मुलाला मार्कांविषयी विचारण्याआधी झोपेविषयी विचारा.

आपण अब्रूला भितो. परंतु ज्या समाजाने आपले हक्क उघड्यावर उभे राहून मिळविले, त्याने आपल्या मुलाचा आजार मात्र दार लावून लपवावा, हे त्यास शोभत नाही. मी एकदा एका बापाला दार लावावयास सांगितले. आज तुम्हांला ते उघडावयास सांगतो, आणि आपली रजा घेतो.