आजारी बंदी आणि कायद्याचे दार

(भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या भंडारा शहरात जिल्हा कारागृह आहे. २०२० साली त्या भिंतीजवळून जाताना आतल्या माणसांचा विचार कितीजणांच्या मनात आला असेल? बाहेर सारा देश अंतर राखून वावरत होता. बराकीत ते राखायचे कोठे? राज्यातील साठ तुरुंगांची क्षमता सुमारे २४ हजार आणि बंदी ३५ हजारांवर! त्या मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात साथ शिरली, तेव्हा कैद्यांबरोबर कर्मचारीही आजारी पडले.

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चलाच राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्रात न्या. ए. ए. सय्यद यांच्या समितीने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन देण्याचे ठरविले. पुढे ही मर्यादा सैल होऊन सुमारे १७ हजार जणांच्या सुटकेचा निर्णय झाला. मोक्का, यूएपीएखालील आरोपी वगळले गेले, ते समाजाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वाभाविकच. मात्र मुख्य निकष गुन्ह्याचा होता, देहाच्या अवस्थेचा नव्हे. वस्तुतः दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये आजारी आरोपीस जामीन देण्याची मुभा पूर्वीपासूनच होती.

ऐंशी ओलांडलेल्या वरवरा राव यांच्यावर एल्गार परिषद प्रकरणी गंभीर आरोप आहेत. माओवादाची झळ आपल्या शेजारच्या गडचिरोलीने किती सोसली, हे येथे सांगायला नको. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला; ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा काढली. अनेकांना हे रुचले नाही. परंतु जामिनाने आरोप पुसले गेले नाहीत. आणीबाणीत जयप्रकाशजींची मूत्रपिंडे निकामी झाल्यावरच, १२ नोव्हेंबर १९७५ रोजी, त्यांची सुटका झाली. ज्यांच्या घरची माणसे मिसाखाली आत होती, त्यांना तो विलंब आठवत असेल. तो कोणाच्याच वाट्याला येऊ नये, मग त्याचे विचार कितीही विरोधी असोत.

राव यांच्यासाठी निष्णात वकील उभे राहिले. लाखांदूर-साकोलीच्या धानाच्या बांध्यांतून आलेल्या मजुराला जामीनदार तरी कोठून मिळावा? सुटलेल्यांना घरापर्यंत पोहोचवा, हेसुद्धा एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले. गाड्या बंद होत्या. २४ मार्च २०२३ रोजी सर्वांना पंधरा दिवसांत परतण्याचा आदेश झाला.

कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. पण त्यासाठी अर्ज लिहावा लागतो, सोबत वैद्यकीय कागद जोडावे लागतात. आपल्यातील वकील आणि डॉक्टर मंडळींनी महिन्यातून एक दिवस या कामासाठी काढावा.