छायाचित्राखालचे नाव



स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या चित्रांना कलादालनांत सहजी थारा मिळत नसे, अशा काळात, म्हणजे १९७९ पासून पुढे काही वर्षे, जोन बायरेन ही अमेरिकन छायाचित्रकार स्लाइडांचा संच बरोबर घेऊन गावोगाव हिंडली, आणि जिथे पडदा टांगता येईल तिथे तिने आपले प्रदर्शन मांडले. त्याच वर्षी तिने स्वतः प्रकाशित केलेला ‘आय टु आय’ हा चित्रसंग्रह २०२१ साली पुनर्मुद्रित झाला. त्याची एक प्रत गेल्या आठवड्यात बंगळुरूच्या बनशंकरी भागातील आमच्या घरी आली, आणि त्यातील चित्रे मी पडवीत बसून पाहिली.

कामात गढलेल्या, मुलांना कुशीत घेतलेल्या, एकमेकींशेजारी निवांत बसलेल्या त्या स्त्रियांत मला अद्‌भुत असे काही दिसले नाही, आणि तेच मला फार मोलाचे वाटले. आमच्या मराठी रंगभूमीने १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातून स्त्रीवर प्रेम करणारी एक स्त्री मोठ्या धैर्याने प्रेक्षकांपुढे उभी केली खरी, परंतु तिच्या वाट्याला मरण आले, बायरेनच्या स्त्रियांच्या वाट्याला साधा मंगळवार-बुधवार आला आहे. शिवाय चित्राखाली त्यांची नावे आहेत, आणि त्या काळी नाव छापू देणे म्हणजे नोकरी, घर, प्रसंगी पोटचे मूलही पणाला लावणे होते.

आपल्याकडे १९८७ साली भोपाळकडील दोन महिला पोलिसांनी परस्परांशी विवाह केला. त्यांची छबी व नावे वृत्तपत्रांतून देशभर गेली, आणि सरकारी दप्तरात त्यांच्या नावापुढे बडतर्फीचा शेरा पडला.

पुस्तक मिटून मी आमचा जुना अल्बम काढला. त्यात माझी अविवाहित आत्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली, तिच्यासोबत सव्वीस वर्षे एका बिऱ्हाडात राहिलेली बाई आहे. खाली मजकूर एवढाच: ‘ताई व सोबतीण’. त्या दोघींचे नाते काय होते हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. परंतु सव्वीस वर्षांच्या सहवासाला नावाची चार अक्षरेही लाभू नयेत, याचे मला अतोनात दुःख झाले.

राहुकाळी देवीपुढे लिंबाचे दिवे लावून आई देवळातून परतली, तेव्हा मी तो फोटो तिच्यापुढे धरला. क्षणभरही न अडखळता तिने त्या बाईंचे नाव सांगितले, माहेरचे आडनाव सांगितले, आणि म्हणाली, “ताई गेल्यावर त्या भाकरी एकच थापायच्या, पण ताटे मात्र दोन मांडायच्या.”

ते नाव मी पेन्सिलीने फोटोच्या पाठीमागे लिहून ठेवले आहे.