मैदान मुलांचे, जबाबदारी मोठ्यांची

(करावे, नवी मुंबई येथे पालक, शिक्षक आणि क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



करावे हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळी गाव. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांभोवती शहर उभे राहिले. १९९२ मध्ये महानगरपालिका आली. आज गावठाणातला मुलगा आणि शेजारच्या उंच इमारतीतली मुलगी एकाच मैदानावर, एकाच चेंडूमागे धावतात. भिन्न घरांतील मुलांना एकत्र आणण्याचे जे काम सभा-समारंभांना साधत नाही, ते खेळाला सहज साधते.

फुटबॉलला तर या परिसरात विशेष बहर आला आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमातून शाळाशाळांत फुटबॉल पोहोचविला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने येथून जवळच, नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात झाले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला. आपल्या मुलांनी मोठी स्वप्ने पाहावीत, असे हे दिवस आहेत.

मात्र त्याच २०२२ च्या स्पर्धेपूर्वी एक खेदजनक घटना घडली. आपला मुलींचा संघ तयारीसाठी युरोपच्या दौऱ्यावर असताना, अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून संघाच्या एका सहायक प्रशिक्षकास परत बोलावून पदावरून दूर करावे लागले. पुढे त्याच्याविरुद्ध पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. त्या आरोपाचा निर्णय न्यायालयाचा आहे. आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, राष्ट्रीय संघाभोवती अधिकारी, डॉक्टर, व्यवस्थापक असा सारा परिवार असतो. तेथे जर असा प्रसंग येऊ शकतो, तर दोन-चार स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या स्थानिक क्लबने आपण यातून मुक्त आहोत, असे मानणे योग्य नव्हे.

फुटबॉलचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या इंग्लंडचा अनुभव तर अधिक बोलका आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी व्यावसायिक खेळाडूने, लहानपणी आपल्या प्रशिक्षकाकडून झालेल्या अत्याचारांची हकिगत उघडपणे सांगितली. त्यानंतर शेकडो माणसे पुढे आली. तेथील फुटबॉल संघटनेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० ते २००५ या काळातील किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित यांचा त्यात उल्लेख आहे. हे प्रशिक्षक कोणी अनोळखी नव्हते. पालक त्यांना मान देत, मुले त्यांच्या शब्दाबाहेर नसत, कारण संघात कोणाची निवड होणार हे त्यांच्या हाती होते. कुजबुज होती, पण ती कागदावर कोणी आणली नाही.

आपल्याकडील चित्र निराळे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरचे होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार?’ ही समजूत यापुढे सोडून दिली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या संरक्षणाखाली येते. कलम १९ नुसार, असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, हे ज्याला समजते त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतेही दायित्व येत नाही. २०२० च्या नियमांनी तर क्रीडा प्रबोधिन्यांचा स्पष्ट उल्लेख करून, मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करण्याचे बंधन घातले आहे.

येथे मी आपल्या गावांच्या एका जुन्या सवयीविषयी स्पष्टपणे बोलू इच्छितो. तंटा गावातच मिटवावा, चव्हाट्यावर नेऊ नये, ही आपली परंपरा आहे. बांधाच्या भांडणात ती उपकारकही ठरते. परंतु मुलावरील अत्याचार हा तंटा नव्हे. तेथे पंचांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवून समजूत घालणे, प्रशिक्षकाला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगून प्रकरण संपविणे, हे त्या मुलाला न्याय नाकारणे तर आहेच, शिवाय तो माणूस दुसऱ्या गावच्या मैदानावर मोकळा होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शालेय वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरावरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि माहिती दडविणे ही गंभीर बाब असल्याचे बजावले. आपल्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या तक्रारीस झालेल्या विलंबाने लोकक्षोभ उसळला आणि रेल्वे तासन्‌तास ठप्प झाली, हे आपण विसरलेले नाही.

मग प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहावयाचे काय? मुळीच नाही. सकाळी सहाला मैदानावर हजर राहून विनामोबदला मुले घडविणारे कित्येक तरुण आपल्या गावांत आहेत. नियम हे त्यांच्याही हिताचे आहेत. ज्या क्लबात सर्व काही उघड्यावर चालते, तेथे भल्या माणसावर खोटा किटाळ येण्याचा संभवही कमी होतो.

हे नियम खर्चाचे नाहीत. कोणताही प्रशिक्षक एका मुलाला घेऊन बंद खोलीत वा वाहनात एकटा राहणार नाही, किमान दोन मोठी माणसे उपस्थित असतील. कपडे बदलण्याच्या जागी मोबाइलने छायाचित्रण होणार नाही. प्रशिक्षक मुलाशी खाजगी संदेशांची देवाणघेवाण करणार नाही, सूचना पालकांचा समावेश असलेल्या गटावरच दिल्या जातील. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी पालकांची लेखी संमती घेतली जाईल, मुलींच्या संघासोबत महिला असेल आणि मुक्कामी मोठ्यांची व मुलांची निजण्याची व्यवस्था वेगळी असेल. दुखापतीची तपासणी दुसऱ्या मोठ्या माणसाच्या देखत होईल. मारहाण आणि अपमानकारक शिवीगाळ यांना ‘शिस्त’ हे नाव दिले जाणार नाही. कायद्याने पडताळणी कर्मचाऱ्यांची सांगितली असली, तरी क्लबांनी ती स्वयंसेवकांनाही लावावी. मात्र एका दाखल्यावर विसंबून राहू नये. पूर्वी नोंद नसणे म्हणजे पुढची हमी नव्हे.

मूल काही सांगू लागले, तर काय करावे? ते शांतपणे ऐकून घ्यावे. ‘तू गेलासच का?’ असे विचारू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे अवश्य म्हणावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. क्लबने स्वतःची चौकशी आरंभू नये. संबंधित व्यक्तीला मुलांपासून तत्काळ दूर ठेवून पोलिसांना अथवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. पोलीस ठाण्याच्या नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवावयाचे असते. मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र अपराध आहे. तेव्हा गावगप्पांतून वा मोबाइलवरून त्याचे नाव फिरणार नाही, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

शेवटी अधिकारी व लोकप्रतिनिधी यांना एक विनंती. मैदान बहुधा महापालिकेचे, ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे असते. ते क्लबला सरावासाठी देताना आपण भाडे आणि वेळ ठरवितो. त्याच अर्जासोबत प्रशिक्षकांची यादी, पडताळणीचे दाखले आणि वरील नियमांची सही केलेली प्रत मागितली, तर वेगळ्या यंत्रणेची गरजच उरणार नाही. गावोगावच्या ग्राम बाल संरक्षण समित्यांच्या बैठकीत शाळेइतकाच मैदानाचाही विषय घ्यावा. आणि प्रत्येक क्लबने, येता हंगाम सुरू होण्यापूर्वी, मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत मैदानाच्या फाटकावर तीन गोष्टी लिहाव्यात : क्लबचे नियम, ज्यांच्याकडे मूल निर्धास्तपणे जाऊ शकेल अशा एक महिला व एक पुरुष जबाबदार व्यक्तींची नावे, आणि १०९८ हा क्रमांक. ही पाटी रंगवायला एक दुपार पुरे आहे.