दोन आरशांमधला प्रकाश
(भालकी येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या बीदर भागातील भाविक नांदेडमार्गे औंढा नागनाथाच्या दर्शनास पिढ्यानपिढ्या जात आले आहेत. त्याच परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तेथील मुख्य साधन लेसर किरण. औंढ्याकडे सोयरीक असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, त्या किरणाने पिकांना, गुराढोरांना बाधा तर होणार नाही ना?" मी कलाशाखेचा पदवीधर. उत्तर देण्यासाठी मला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

दिव्याचा प्रकाश म्हणजे बाजार सुटल्यावर पांगणारी माणसे. ज्याची त्याची वाट वेगळी. लेसरचे तसे नाही. ऊर्जा देऊन उत्तेजित केलेल्या अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाश गेला, की तो अणू त्याच दिशेचा व त्याच तालाचा प्रकाश बाहेर टाकतो, हे आइनस्टाइन यांनी १९१७ मध्येच सांगितले होते. १९६० मध्ये अमेरिकेत मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला.

परंतु एका फेरीत प्रकाश पुरेसा वाढत नाही. म्हणून तो पदार्थ समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये ठेवतात. एक आरसा सर्व प्रकाश परतवतो, दुसरा किंचित बाहेर सोडतो. हीच प्रकाशीय पोकळी. भजनातल्या एकतारीची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्या लांबीत बसणारीच कंपने टिकतात. येथेही ज्या लहरींच्या अर्धलांब्या आरशांमधील अंतरात पूर्ण संख्येने बसतात, त्याच वाढतात.

लांबीचा हा नियम झाला; रुंदीचाही एक आहे. किरण भिंतीवर पाडला असता कधी एकच गोल ठिपका दिसतो, मध्ये प्रखर व कडेला मंद होत गेलेला. कधी दोन-चार ठिपके व त्यांमध्ये काळ्या पट्ट्या. ही किरणाची निरनिराळी रूपे. त्यांत एक ठिपक्याचे रूप सर्वांत गुणी, कारण ते सर्वांत कमी पसरते आणि भिंगाने सर्वांत बारीक बिंदूवर आणता येते. लायगोत याच रूपाची निवड करण्यासाठी आणखी एक पोकळी असते. आपण तूरडाळ चाळतो, तशी ती प्रकाश चाळते. नको असलेली रूपे तिच्या मापात बसत नाहीत व मागे परततात.

मग हा किरण काटकोनातील दोन भुजांत विभागला जातो. प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. तेथेही आरशांची पोकळी असते, आणि प्रकाश सुमारे ३०० फेऱ्या मारतो. प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान असा भुजेच्या लांबीतला फरक त्यामुळे कळतो. अमेरिकेतील अशा दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली.

तेव्हा आजोबांना मी सांगितले, की हा किरण हवा काढलेल्या बंद नळीतच फिरतो. शिवारात येत नाही. खरी काळजी जत्रेत मिळणाऱ्या लेसरच्या काडीची. तिच्यातही अशीच पोकळी असते, आणि तिचा किरण डोळ्याचे भिंग पडद्यावर सुईच्या अग्राएवढ्या बिंदूत गोळा करते. स्वस्त हिरव्या काड्यांतून तर अदृश्य अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. गुरुजनांनी वर्गात ही काडी वापरलीच, तर ती भिंतीकडे रोखावी, स्वतःच्या हाती ठेवावी आणि समोर काच किंवा आरसा नाही हे आधी पाहावे.