नवशिक्या अध्यापकास



माझा पुतण्या गेल्या वर्षीं गणिताच्या उच्च अभ्यासासाठीं अमेरिकेंत गेला. तेथें अशी वहिवाट आहे कीं, पदवीपुढील अभ्यास करणाऱ्यानें पहिल्या वर्षाच्या मुलांकडून उदाहरणें करवून घ्यावीं, त्यांचे कागद तपासावे, आणि त्याबद्दल त्याला फीची माफी व निर्वाहापुरतें वेतन मिळावें. आपल्याकडेंही हें अगदीं अपूर्व नव्हे. पेशवाईंतील दक्षिणेच्या निधींतून पुढें इंग्रजी अमदानींत 'दक्षिणा फेलो' नेमले जात. रानडे, आगरकर यांनीं ती पायरी चढलेली आहे.

महिन्याभरानें त्याचा फोन आला. "काका, मी फळ्यावर सारें नीट मांडतों, 'कळलें का?' म्हणून विचारतों. कोणी बोलत नाहीं. आणि चाचणींत अर्धा वर्ग लिहितो कीं, अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग!"

मी केवळ मॅट्रिक झालेला. त्याच्या गणिताला मी काय सल्ला देणार? मीं त्याला माझें एक पाप सांगितलें.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं एका मुलास अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारली. तो म्हणाला, "दोन पंचमांश." मी म्हणालों, "वाहवा! अर्ध्यांत भर घातली आणि अर्धाही उरला नाहीं!" वर्ग खदखदून हसला, मलाही आपला विनोद आवडला. त्यानंतर त्या मुलानें वर्षभर हात वर केला नाहीं. परीक्षा आटोपल्यावर मीं त्याला सहज विचारलें, तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, दोन आंब्यांतला एक आणि तीन आंब्यांतला एक, म्हणजे पांचांतले दोन." त्याचा हिशेब चोख होता. माझा अर्धा आणि तृतीयांश एकाच आंब्याचे होते, हें मीं कधीं सांगितलेंच नव्हतें.

'कळलें का?' हा मुळीं प्रश्नच नव्हे. ती 'हो' म्हणण्याची विनंति आहे. चुकलेली ओळच फळ्यावर लिहावी, अ म्हणजे ३ व ब म्हणजे ४ धरावयास सांगावें, एकीकडे ४९ व दुसरीकडे २५ येऊं द्यावे. आणि मग, असें लिहावेंसें कां वाटतें, हें विचारून थांबावें. थांबणें हेंच कठीण. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें १९७४ सालीं दाखविलें कीं, शिक्षक उत्तरासाठीं साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरें लांबतात, आणि एरवीं गप्प असणारींही बोलूं लागतात.

पुतण्या कुरकुरला. त्याचा स्वतःचा अभ्यास, तपासावयाचा गठ्ठा, प्राध्यापकांनीं आंखून दिलेला भाग! तक्रार खोटी नव्हती. कित्येक ठिकाणीं चार दिवसांच्या तोंडओळखीवर अशा तरुणाच्या हातीं वर्ग सोंपवितात, हें मला तरी बरें वाटत नाहीं.

परवां पुन्हां फोन आला. त्यानें ती ओळ लिहिली, प्रश्न केला आणि मनांत सात अंक मोजले. "प्राण कंठाशीं आले, काका!" मग मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, "दोनानें गुणतांना आपण दोघांनाही गुणतों ना? मला वाटलें, वर्गही तसाच वांटून द्यावयाचा."