धनुष्याचे लाकूड : पौषात तोडा, कार्तिकात ताणा



दसऱ्याच्या सुमारास गावोगावी एक गोष्ट दिसते. पोट्टे धुऱ्यावर जातात, निंबाची हिरवी फांदी तोडतात, तिला सुतळी बांधतात आणि झाले धनुष्य तयार! दोन दिवस ते चालते. मग वाकलेली फांदी वाकलेलीच राहते, नाहीतर उन्हात वाळून कडकन मोडते. खेळण्यातले मोडले तर चुलीत जाईल. पण मोठ्या पोराने जोर लावून ताणलेले धनुष्य मोडले, तर त्याचा तुकडा थेट तोंडावर येतो. म्हणून आज आपण बागेतले आणि धुऱ्यावरचे बारीक लाकूड धनुष्यासाठी कसे वाळवावे, ते पाहू.

तुम्ही म्हणाल, हा उद्योग कशाला? तर तिरंदाजीच्या खेळात ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य चालते. मोठ्या स्पर्धेच्या आधुनिक धनुष्याला लाखाच्या वर पैसे लागतात. ते कास्तकाराच्या पोराने कोठून आणावे? राजस्थानातील लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून पुढे आले आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळले. सुरुवात घरच्या धनुष्यावर होऊ शकते. मात्र हे धनुष्य निशाणावर मारण्यापुरतेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, हे पोरांना आधीच बजावून सांगा.

लाकूड कोणते घ्यावे?

धामणीचे नाव आधी घ्यावे लागेल. धामण चिवट, लवचिक. कावडीच्या दांड्यालाही तीच लागते. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असेच नाव आहे. पण मेळघाटातल्या जंगलातली धामण आपली नव्हे. शेतात असेल तरच तिचा विचार करा. धुऱ्यावरची बोर, बाभूळ चालते. वरूड-मोर्शीकडे जुन्या संत्र्याच्या बागा काढतात. ते लाकूड घट्ट, बारीक पोताचे असते, पण साडेपाच फूट सरळ तुकडा क्वचितच निघतो. त्याचे कुदळीचे, विळ्याचे दांडे करावेत. मानवेल बांबू तर उत्तमच. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडणे सोपे झाले आहे. इतर झाड बुडापासून तोडायचे असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

फांदी दोन ते तीन इंच जाडीची, जिवंत, सरळ, बिनगाठीची हवी. झाडावर वाळलेली सल घेऊ नका. सालीवरच्या रेषा नीट पाहा. त्या दोरीच्या पिळासारख्या फिरत गेल्या असतील, तर आतले लाकूडही पिळाचे आहे असे समजा आणि ती फांदी सोडून द्या. लांबी वापरणाऱ्याच्या उंचीपेक्षा अर्धा फूट जास्त ठेवा, कारण टोकाला थोडे तडे जाणारच.

आपला वैरी ऊन

थंड, ओलसर मुलखातले लोक लाकूड उबदार, हवेशीर जागी ठेवायला सांगतात. तिकडे ओल ही अडचण. अकोला-अमरावतीकडे अडचण उलटी आहे. आपले ऊन आणि चैत्र-वैशाखाचा वारा लाकडाला हळू वाळूच देत नाहीत. लाकडातले पाणी बाजूपेक्षा टोकाकडून दहापटीहून अधिक वेगाने निघून जाते. टोक आधी आकसते, मधला भाग ओलाच राहतो आणि लाकूड उभे फाटते. शिवाय लाकूड गाभ्याच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण दुप्पट गोलाईत आकसते. म्हणून अख्खी गोल फांदी वाळत टाकली, की सालीपासून गाभ्यापर्यंत एक तरी चीर पडतेच. हा लाकडाचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

त्यावर उपाय पुढीलप्रमाणे :

१. तोडणी थंडीत, पौषाच्या आसपास करा. हवा सौम्य असते, किडीचा जोरही कमी असतो.

२. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे किंवा वितळलेल्या मेणाचे दोन हात द्या. काहीच नसेल तर शेणामातीचा जाड लेप लावा, पण तो सुकून गळतो, पुन्हा लावावा लागतो.

३. आठवड्याच्या आत फांदी गाभ्यातून उभी चिरा. एका फांदीची दोन धनुष्ये होतात. सालीकडची बाजू ही धनुष्याची पाठ, गाभ्याकडचे पोट. पोटाची बाजू वाकसाने उतरवून ढोबळ आकार द्या. पाठीला हत्यार लावू नका.

४. सालीखाली किडा राहतो, म्हणून साल हळूच काढा. उघड्या पाठीलाही लगेच रंगाचा हात द्या, नाहीतर तिच्यावर बारीक चिरा उमटतील.

५. तुकडा सरळ फळीला तीन ठिकाणी बांधून कोठ्यात सावलीला आडवा ठेवा. टिनाच्या छपराखाली किंवा चुलीवरच्या माळ्यावर मुळीच नको.

बांबूची गोष्ट थोडी वेगळी. त्याला घुण लागते ते आतल्या पिठूळ अंशामुळे. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर तोडा, चिरून पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदला आणि मग सावलीत वाळवा.

वाळले हे कसे ओळखावे?

हाताने दाबून, ठोकून अंदाज चुकतो. तराजू चुकत नाही. दर बाजाराच्या दिवशी तुकडा तोला आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा. आधी वजन भराभर उतरेल, मग हळू. लागोपाठ चार आठवडे ते तेवढेच राहिले, की लाकूड हवेशी जुळले. आणखी खात्री हवी तर त्याच लाकडाचा शंभर ग्रॅम भुसा तव्यावर मंद आचेवर, न जाळता, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. नव्वद ग्रॅम उरला, तर नव्वदावर दहा, म्हणजे सुमारे अकरा टक्के ओल. आठ ते बारा टक्के ओल धनुष्याला मानवते.

पण इथे एक मेख आहे. आपल्या वैशाखात लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा ते काचेसारखे तडकते. श्रावणात पंधरा-सोळावर चढते, तेव्हा ते वाकून तसेच राहते. म्हणून उन्हाळ्यात घाई नको, पावसाळ्यातही नको. शेवटचा आकार कार्तिकापासून माघापर्यंत द्या. एका पौषात तोडलेले लाकूड पुढच्या कार्तिकात ताणायचे. बांबू मात्र तीन-चार महिन्यांत तयार होतो; पौषाआधी तोडलेला त्याच माघात हाती येतो.

ताणताना

दोरी एकदम पूर्ण खेचू नका. रोज थोडे थोडे वाकवा. दोन्ही अंगे सारखी वाकतात का पाहा. जे अंग ताठ, त्याच्या पोटाकडून कानशीने थोडे उतरवा. मग घरच्या कापसाचा एक पुंजका घ्या आणि पाठीवरून फिरवा. कोठे तंतू अडकले तर तेथे लाकडाची शीर उचलली आहे. असे धनुष्य पोराच्या हाती देऊ नका. चांगले धनुष्यही आधी मोठ्या माणसाने पन्नास वेळा वाकवून पाहावे. आणि बाण न लावता दोरी सोडू नये. सगळा झटका लाकडावर बसतो.

दहा तुकड्यांतून चार-पाच धनुष्ये निघाली तरी आनंद माना. उरलेल्यांचे दांडे होतात, आणि ते हिरव्या लाकडाच्या दांड्यासारखे पाळीच्या दिवसांत ढिले पडत नाहीत. आपल्या गावच्या वाढईबुवांना सोबत घ्या. वाकस कसा धरावा हे कागदावरून कळत नाही.

पोरगा विचारील, ‘बाबा, अजून किती दिवस?’ त्याच्या हाती तराजू द्या आणि वजन त्यालाच लिहू द्या. म्हणजे थांबायचे का, हे त्याचे त्यालाच कळेल.

रामराम.